कुंडीच्या तळाला भोक हवे

नव्या घरात राहायला जाताना पूर्वी सामानाआधी तुळस जायची. आता तिच्या सोबतीला, बरेचदा तिच्याही आधी, मॉन्स्टेरा, फिडल लीफ फिग आणि दोनतीन स्नेक प्लांट जातात. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पांढरी सिरॅमिकची उंच कुंडी, टीव्हीशेजारी पितळी रंगाच्या स्टँडवर झेडझेड, स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बाटलीतला मनी प्लांट. इंटिरियर डिझायनरच्या आराखड्यात सोफा आणि पडद्यांच्या बरोबरीने आता ‘प्लांट कॉर्नर’ही असतो. शहरात अंगण उरलेले नाही, गॅलरी खोलीत घेतलेली आहे, तेव्हा हिरवाई घरात आणावीशी वाटणे साहजिक आहे. त्यात गैर काहीच नाही.

गैर आहे ती या झाडांच्या गळ्यात अडकवलेली पाटी. ‘हवा शुद्ध करणारे’, ‘रात्री ऑक्सिजन देणारे’, ‘विषारी वायू शोषणारे’ अशा शब्दांत ही झाडे आज विकली जातात. सजावटीची वस्तू म्हणून तीनशे रुपयांचे झाड घेताना गिऱ्हाईक दोनदा विचार करते, पण आरोग्याच्या नावाखाली तेच झाड सहाशेला घेताना करत नाही. पैशांचे नुकसान एकवेळ सोडून देता येईल. पण ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे, तिथे ‘झाडे ठेवली आहेत’ या समाधानावर खिडक्या बंद राहतात, तेव्हा ही पाटी निरुपद्रवी राहत नाही.

या दाव्याचे मूळ बहुतेक वेळा ‘नासा’पर्यंत नेले जाते आणि ते खोटे नाही. अमेरिकेच्या या अंतराळ संस्थेतील शास्त्रज्ञ बिल वोल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली एक अहवाल प्रसिद्ध केला. बंदिस्त यानात माणसे दीर्घकाळ राहिली, तर तिथली हवा कशी स्वच्छ ठेवायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी हवाबंद पारदर्शक पेट्यांमध्ये झाडे ठेवली, आत बेंझीन, फॉर्माल्डिहाइड आणि ट्रायक्लोरोएथिलीन हे वायू सोडले आणि काही तासांनी त्यांचे प्रमाण मोजले. ते घटलेले दिसले. प्रयोग प्रामाणिक होता. पण पेटी एका घनमीटरपेक्षाही लहान होती आणि तिच्यात बाहेरची हवा येण्याची सोयच नव्हती. घर असे नसते. दार उघडते, खिडकीच्या फटीतून वारा येतो, पंखा फिरतो. साध्या फ्लॅटमध्येही हवा सतत बदलत असते आणि या बदलाबरोबर वायूही बाहेर जातात. या ओघापुढे कुंडीतले झाड किती काम करते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग या अभ्यासकांनी 2019 साली दिले. तोवर प्रसिद्ध झालेल्या डझनभर अभ्यासांतले जवळजवळ दोनशे प्रयोग त्यांनी एकत्र मांडले आणि सर्वांचे निष्कर्ष एकाच मापात आणले. इमारतीत नेहमीच्या हवापालटाने जेवढे वायू बाहेर जातात, तेवढे झाडांकडून काढून घ्यायचे असतील, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडे ठेवावी लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत कमीत कमी नव्वदेक कुंड्या. पलंग ठेवायला जागा उरणार नाही. उलट समोरासमोरच्या दोन खिडक्या थोडा वेळ उघडल्या, तर तेच काम फुकटात होते.

रात्रीच्या ऑक्सिजनचीही गोष्ट अशीच आहे. स्नेक प्लांट, कोरफड यांसारख्या कोरड्या प्रदेशातल्या झाडांची पर्णरंध्रे दिवसाच्या उन्हात मिटलेली असतात आणि रात्री उघडतात, हे खरे आहे. पाणी वाचवण्याची ती युक्ती आहे. रात्री ही झाडे कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. पण ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाश लागतो, त्यामुळे तो तयार होतो दिवसाच. अंधारात ऑक्सिजनचा कारखाना चालवणारे झाड निसर्गात नाही. शिवाय स्वस्थ पडलेला माणूससुद्धा दिवसाला साधारण साडेतीनशे लिटर ऑक्सिजन वापरतो आणि खोलीतल्या मंद उजेडात चारदोन पाने जे काही देतात, ते या हिशेबात कुठे धरावे असे नसते.

याच हिशेबाने उलट बाजूची भीतीही निकालात निघते. ‘झोपायच्या खोलीत झाड ठेवू नये, रात्री ते विषारी वायू सोडते’ असे घराघरांत सांगितले जाते. रात्री झाड कार्बन डायऑक्साइड सोडते, पण शेजारी झोपलेला माणूस त्याच्या कितीतरी पट अधिक सोडतो. नवऱ्याला किंवा बायकोला त्यासाठी कोणी बाहेर झोपायला सांगत नाही. झाड रात्री खोलीत असावे की नसावे, याचा हवेशी संबंध नाही.

मराठी घरातली हवा खराब होते ती वेगळ्याच गोष्टींनी. कढईतले तळण, मिरचीची फोडणी, उदबत्ती, धूप, नव्या प्लायवूडचे फर्निचर आणि भिंतीचा ताजा रंग ही त्याची नेहमीची कारणे. यांपैकी धुरातले बारीक कण फुप्फुसाला सर्वांत जास्त त्रास देतात आणि ‘नासा’ने ज्या वायूंची चाचणी घेतली, त्यांत हे कण नव्हतेच. त्यावर उपाय म्हणजे धुराचा उगम कमी करणे, गॅसवर काही चढवताना एक्झॉस्ट पंखा लावणे आणि खिडकी उघडणे. बाहेर कचरा किंवा पालापाचोळा जळत असेल, तर तेवढा वेळ खिडकी मिटून घेणे. झाडावर हे काम टाकता येत नाही.

आता या गोष्टीचा सर्वांत उलटा भाग. हवा शुद्ध व्हावी म्हणून बाटलीत मनी प्लांट ठेवला जातो. त्या पाण्यात डास होतात. डासांसाठी संध्याकाळी कॉइल पेटवली जाते. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या धुराइतके असतात, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मोजले गेले होते. म्हणजे ज्या हवेसाठी झाड आणले, तीच हवा झाडामुळे धुराने भरते. आणि त्यात डेंग्यूचा धोका आहे तो वेगळाच.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला गटार आवडत नाही. त्याला घरातले, सावलीतले, साठलेले पाणी लागते आणि तेही फार नको. बाटलीच्या झाकणाएवढे पाणीसुद्धा त्याला पुरते. मनी प्लांटची बाटली, ‘लकी बांबू’चे काचेचे भांडे, कुंडीखालची ताटली आणि सजावटीच्या कुंडीच्या तळाशी न दिसणारे पाणी या चार जागा त्याला आयत्या मिळतात. मुंबई महापालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघरी जातात, तेव्हा याच जागा तपासतात. हा केवळ आपल्याकडचा प्रश्न नाही. 2001 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात जहाजाने आलेल्या लकी बांबूच्या पाण्यातून एडिसच्याच जातीचा दुसरा डास उतरल्याचे आढळले होते. हा लकी बांबू खरे तर बांबू नाहीच, ड्रॅसिना आहे, आणि तो मातीतही सुखाने वाढतो.

अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आरोग्य खाते सांगते, ते याच हिशेबाने. पण नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कारण एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीवर. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागताच फुटतात. म्हणून बाटली किंवा ताटली दर आठवड्याला ब्रशने आतून घासून काढायला हवी. बाटलीचे तोंड अरुंद असल्याने ब्रश जात नसेल, तर ती बाटली झाडासाठी वापरूच नये. मनी प्लांट मातीत लावावा, हे सर्वांत सोपे.

इथे कुंडीचा प्रश्न येतो. बाजारात सध्या सिरॅमिक, फायबर, पत्रा, सिमेंट, वेत अशा नाना तऱ्हेच्या कुंड्या मिळतात. फोटोत त्या सुरेख दिसतात. पण यांतल्या अनेकींच्या तळाला भोकच नसते, कारण त्या फरशीवर डाग पडू नये अशा बेताने घडवलेल्या असतात. कुंडी घेताना रंग, आकार, किंमत यांच्या आधी तिला उलटी करून पाहावे. पाणी जायला वाट नसेल तर मुळांना हवा मिळत नाही, मूळकूज होते आणि पाने पिवळी पडतात. पाने पिवळी पडली की घरातले आणखी पाणी घालतात. घरातली झाडे तहानेने कमी आणि अशा मायेने जास्त मरतात.

भोक नसलेल्या कुंडीत तळाला खडे घातले की झाले, असा एक सल्ला फार प्रचलित आहे. तो चुकीचा आहे. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खड्यांत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली सरकते. त्यामुळे खड्यांनी निचरा वाढत नाही, ओल्या मातीचा थर मात्र मुळांच्या आणखी जवळ येतो. सुंदर कुंडी हवीच असेल तर सोपा मार्ग असा: झाड नर्सरीच्या भोके असलेल्या साध्या प्लास्टिकच्या कुंडीतच राहू द्यावे आणि ती कुंडी सजावटीच्या कुंडीत नुसती बसवावी. पाणी घालायचे तेव्हा आतली कुंडी उचलून मोरीत किंवा बेसिनमध्ये न्यावी, पाणी घालून अर्धा तास निथळू द्यावी आणि मग परत ठेवावी. झाड निरोगी राहते, फरशी कोरडी राहते आणि बाहेरच्या कुंडीत डासांना घर मिळत नाही. जे झाड उचलून मोरीत नेण्याइतके हलके नाही, त्याला ताटलीवर ठेवावे आणि ताटलीत उतरलेले पाणी त्याच दिवशी पुसून घ्यावे.

आणि कुंभाराची लाल मातीची कुंडी विसरू नये. तिच्या भिंतीतून ओल बाहेर झिरपते, हवा आत जाते, भोक तर असतेच. ज्यांचा हात पाण्याच्या बाबतीत सढळ आहे, त्यांच्यासाठी तिच्याइतकी क्षमाशील कुंडी नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात किंवा गावच्या बाजारात ती आजही स्वस्तात मिळते. उन्हाळ्यात मात्र ती लवकर सुकते, एवढे लक्षात ठेवावे. वजनाचाही विचार हवा. बारा इंची कुंडी ओल्या मातीसह वीस किलोच्या पुढे जाते. ती खिडकीच्या बाहेरच्या ग्रिलवर ठेवणे हा खाली चालणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

झाड निवडताना पहिला प्रश्न ‘कोणते छान दिसेल’ हा नसावा, ‘उजेड किती आहे’ हा असावा. माणसाचा डोळा या बाबतीत फार फसवतो. भर दुपारी उघड्यावर प्रकाश एक लाख लक्सच्या आसपास असतो, झाडाच्या सावलीत दहा हजारांच्या घरात आणि खिडकीपासून आठदहा फूट आत तो अनेकदा दोनतीनशेवर येतो. डोळा स्वतःला जुळवून घेतो म्हणून तिन्ही ठिकाणी ‘चांगला उजेड’ वाटतो. झाडाला मात्र तो फरक उपासमारीचा असतो. साधी परीक्षा अशी: दुपारी दिवे बंद करून झाडाच्या जागी पांढरा कागद धरावा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर, पुसट पडली तर मध्यम आणि पडलीच नाही तर तिथे झाड ठेवू नये, चित्र टांगावे.

दुसरा प्रश्न झाडाच्या माहेराचा. मॉन्स्टेरा मध्य अमेरिकेच्या दाट जंगलातली, मोठ्या झाडांवर चढणारी वेल. तिला गाळून आलेला उजेड, दमट हवा आणि चढायला काठी लागते. झेडझेड पूर्व आफ्रिकेची. जाड कंदात पाणी साठवून ती कोरडे महिने काढते, म्हणून विसरभोळ्या माणसाकडेही जगते. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेचा, त्याचा स्वभावही तसाच. अरेका पाम मादागास्करचा, तो अंधाऱ्या कोपऱ्यात झुरतो. कार्यालयात भेट म्हणून दिली जाणारी गुबगुबीत पानांची एचेव्हेरिया मेक्सिकोच्या उघड्या डोंगरांवरची. भोक नसलेल्या चिनी मातीच्या कपात, वातानुकूलित टेबलावर ती जगावी ही अपेक्षाच अन्यायाची. आणि आपली तुळस अंगणातल्या वृंदावनातली. तिला चारसहा तास ऊन हवे. ती दिवाणखान्यात ठेवून सुकली, तर तो अपशकुन नसतो, उन्हाची मागणी असते.

पाण्याचे वेळापत्रक कॅलेंडरवर लिहू नये. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. आत कोरडे लागले तर पाणी, ओल लागली तर नाही. एप्रिलमध्ये जे झाड तीन दिवसांनी पाणी मागते, तेच जुलैच्या दमट हवेत दहाबारा दिवस मागत नाही. स्नेक प्लांट आणि झेडझेड तर भर पावसाळ्यात तीन आठवडेही तसेच राहतात. वातानुकूलन यंत्राचा झोत पानांवर येत असेल तर कडा करपतात, तेव्हा पाणी न वाढवता जागा बदलावी. नर्सरीतून येणारी चिकट लाल माती घरात विटेसारखी घट्ट होते. तिच्यात निम्मा कोकोपीट, थोडी जाड वाळू किंवा परलाइट आणि मूठभर गांडूळखत मिसळले की मुळे मोकळी होतात. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पाने पुसावीत. धूळ गेली की उजेड पोहोचतो आणि पानांखालचा पिठ्या ढेकूण किंवा लाल कोळी वेळेवर दिसतो. माती कायम ओली ठेवली तर चिलटे होतात. ती घालवायला फवारणीआधी पाणी कमी करून पाहावे.

पाटीवर जे लिहिलेले असायला हवे आणि नसते, ते म्हणजे विषारीपणा. डिफेनबेकिया, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, मनी प्लांट, पीस लिली, अ‍ॅग्लोनिमा, झेडझेड ही सगळी अळूच्या कुळातली. अळू कच्चे राहिले की घसा का खाजतो, हे मराठी घराला सांगावे लागत नाही. त्याला कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक कारण असतात. फदफदे शिजवून, चिंच घालून खातात. दिवाणखान्यातले पान मात्र रांगते मूल कच्चेच चावते. डिफेनबेकियाने जीभ आणि ओठ सुजतात, लाळ गळते, बोलता येत नाही. तोंडातले तुकडे काढावेत, तोंड धुवावे, थंड पाणी किंवा दूध द्यावे, उलटी करवू नये आणि सूज वाढली किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच रुग्णालय गाठावे. चीक डोळ्यात गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावे. घरात लहान मूल किंवा मांजर असेल, तर ही झाडे हात न पोहोचेल अशा उंचीवर ठेवावीत किंवा अरेका पाम, स्पायडर प्लांट, कॅलेथिया यांसारखी निर्धोक झाडे निवडावीत. ज्यांची प्रतिकारशक्ती केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणामुळे कमी झाली आहे, त्यांच्या खोलीत कुंडी नसावी. ओल्या मातीत बुरशी असते आणि निरोगी माणसाला न बाधणारी बुरशी अशा रुग्णाला महागात पडू शकते. अशा वॉर्डांत झाडे आणि फुले नेऊ देत नाहीत, त्यामागे हेच कारण आहे.

मग घरात झाडे ठेवायची कशासाठी? त्यांच्याकडे बघून बरे वाटते म्हणून. हे कारण लहान नाही. रॉजर उलरिक या अभ्यासकाने 1984 साली ‘सायन्स’ नियतकालिकात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तुलना मांडली. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास 46 रुग्णांचाच होता आणि खिडकीबाहेरच्या झाडांचा होता, त्यामुळे त्यावरून कुंडीची जाहिरात करू नये. पण हिरव्या रंगाकडे मन ओढ घेते, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. निवृत्तीनंतर सकाळी उठून कोणाला तरी पाणी घालायचे आहे, ही भावना अनेकांना दिवसाची सुरुवात देते. मुलांना नवे पान उलगडताना बघायला मिळते. हा लाभ खरा आहे आणि त्यासाठी हवेविषयी खोटे बोलण्याची गरज नाही.

अन्नाच्या पाकिटावर घटक छापणे बंधनकारक आहे. नर्सरी आणि ऑनलाइन विक्रेत्यांनी झाडाच्या पाटीवर निदान चार गोष्टी स्वतःहून छापायला काय हरकत आहे? उजेड किती लागतो, पाणी कधी द्यायचे, मुलांना आणि प्राण्यांना विषारी आहे का आणि कुंडीला भोक आहे का. ‘हवा शुद्ध करते’ ही ओळ काढली, तर या चौघींना पुरेशी जागा होईल. गिऱ्हाइकानेही दुकानात हेच चार प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर ते झाड तिथेच राहू द्यावे आणि घरी येऊन आधी खिडकी उघडावी.